भारी धानाचं वर्ष

हलका धान पिवळा पडू लागला की गावाचा वास बदलतो. आदल्या संध्याकाळपर्यंत चिखलाचा आणि कुजक्या गवताचा ओला वास असतो, आणि एका सकाळी दार उघडावं तर काहीतरी कोरडं, गोडसर, उन्हात तापलेल्या सुपासारखं नाकाला लागतं. मग बाहेर न जाताही कळतं की रस्त्याकडच्या बांध्यांमधल्या लोंब्या झुकल्या आहेत आणि माणसं आता विळ्यांना धार लावायला दगड शोधू लागतील.

आमच्याकडे धान दोन स्वभावांचा. हलका धान घाईचा. दसऱ्याच्या मागेपुढे कापणीला येतो, पाणी थोडं कमी पडलं तरी कुरकुर करत नाही, पण भात खायला फिका. भारी धान सावकाश. दसऱ्याला तो हिरवागारच असतो. लोंबी नुकती बाहेर आलेली, दाणा चिमटीत दाबला तर बोटाला दूध लागतं. त्याला दिवाळी बघितल्याशिवाय पिकायचं नसतं. उंचावरच्या जमिनीत हलका, बोडीखालच्या ओल्या जमिनीत भारी, असा इथला जुना नेम आहे. बोडी म्हणजे पाळ घालून अडवलेलं लहान तळं, आणि बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. तिच्या खाली जी बांधी असते तिला शेवटपर्यंत पाणी मिळतं, म्हणून ती घरात सगळ्यांत मोलाची.

कौतिका काकीची बांधी अशी बोडीखालची होती. काकी म्हणजे आमच्या यांची, माझ्या नवऱ्याची, चुलती. आमच्या भिंतीला भिंत लावून तिचं घर. नवरा लवकर गेला, एक मुलगी होती ती बालाघाटकडे दिली. घरात काकी एकटी, आणि बाहेर ती बांधी. काकी बांधीबद्दल बोलायची तेव्हा नवीन माणसाला वाटायचं, घरातल्याच कोणाबद्दल बोलते आहे. "आज तिले पानी जास्त झालं," म्हणायची. "आज ती खुशीत हाये."

यंदा तो वास आला तेव्हा मी बैलगाडीत होते. गोंदियाला जाताना आमचा रस्ता आता विमानांच्या पट्टीला वळसा घालून जातो. लढाई संपली, सोल्जर गेले, पट्टी तशीच पडून आहे. भेगांमधून गवत वर आलं आहे. गाई मधोमध बसून रवंथ करतात, कारण तिथली जमीन सकाळी लवकर तापते. चौकीवर नवा झेंडा लावला आहे. मी गाडीतून पाहत होते आणि मनाशी जागा शोधत होते. इथे बोडीची पाळ होती, इथे मोहाचं झाड, इथे काकीची बांधी. झाड नाही, पाळ नाही, तरी डोळा बरोबर त्या ठिकाणी जाऊन थांबतो.

घरी आल्यावर हे लिहायला घेतलं. कोणाला दाखवायचं नाही. मी चौथीपर्यंत शिकले, त्यापुढचं जे काही वाचन झालं ते बिडीच्या छपरीत झालं.

आमच्या घरचे बिडीचे सट्टेदार. गोंदियाच्या कारखान्यातून तेंदूचं पान आणि तंबाखू आणायचे, गावातल्या बायकांना वाटायचे आणि वळलेल्या बिड्या पारखून परत पोचवायचे. रोवणी संपली की कापणीपर्यंत शेतात फारसं काम नसतं. तेव्हा दुपारी बायका आमच्या पुढच्या छपरीत येऊन बसत. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि कात्र्यांचा चालू आवाज. तो आवाज मला आवडतो. पुष्कळ उंदीर एकदम काहीतरी कुरतडत आहेत, असा.

हे बाजाराच्या दिवशी गोंदियाहून वर्तमानपत्र आणत. नागपूरचं, दोन-चार दिवसांचं शिळं. ते मी बायकांना वाचून दाखवायची. छपरीच्या दुसऱ्या टोकाला मामाजींची खाट, आणि सासऱ्यांसमोर सुनेनं बसायचं नाही, म्हणून मी दाराच्या आत, चौकटीला पाठ लावून बसत असे. बायकांना माझा आवाज ऐकू यायचा, तोंड दिसायचं नाही. मला तेच सोयीचं वाटे. समोर कोणी बघत असलं की माझे शब्द अडकतात. वाचत असताना माझ्या वाटणीची पानं त्या कापून ठेवायच्या.

सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माळावर माणसं आली होती. साखळी ओढून मोजणी केली, लाल फडकी बांधलेल्या खुंट्या ठोकल्या. अमीन, म्हणजे मोजणीचा सरकारी माणूस, गावातल्या लोकांना म्हणाला, सरकारला लढाईसाठी जागा हवी आहे. विमानं उतरणार. यंदाचं एक पीक घ्या, हलका धान लावा, दसऱ्यानंतर काम सुरू होईल. मोबदला मिळेल.

"कोनासंग लढाई?" काकीने विचारलं होतं.

"जर्मनीसंग."

"ते कोठं हाये? नागऱ्याच्या इकडं का तिकडं?"

अमीन हसला. काकी दर महाशिवरात्रीला नागऱ्याच्या महादेवाला पायी जायची, त्यापलीकडचं जग तिने पाहिलं नव्हतं. तिला हसण्याचं काही कारण दिसलं नाही. एवढ्या लांबच्या भांडणासाठी बोडीखालची ओली जमीन कशाला लागते, हे तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मला आजही ते पुरतं समजलेलं नाही.

ज्यांच्या ज्यांच्या बांधीत खुंट्या पडल्या, त्या सगळ्यांनी हलका धान लावला. काकीने भारी लावला. मामाजी तिच्यावर रागावले.

"दसऱ्याले तुझा धान हिरवाच राहील. मंग काय कापशील?"

"कापीन नं. दिवाळीले कापीन."

"अमीन काय बोलला, आयकलं नाही काय?"

"आयकलं, भाऊजी. हलका लावला तं मीच हो म्हनल्यासारखं होते. मी हो नाही म्हनलं."

श्रावण सरता सरता वर्तमानपत्रात एक बातमी आली. पाऊस उघडला होता. छपरीच्या कडेला वाळत घातलेल्या पानांवर ऊन पडलं होतं आणि पागोळ्यांचं शेवटचं पाणी अजून एका मडक्यात टपटपत होतं. बिरजा काकीच्या शेजारी बसली होती. बिरजा गोंडाची, गावच्या भूमकाची सून. भूमक म्हणजे गावदेवाची पूजा करणारा. आमच्या पोवारांच्या घरीसुद्धा नांगर धरण्याआधी आणि कापणीआधी भूमकालाच बोलावतात. बिरजाचे हात सगळ्यांत जलद चालत आणि तोंड हातांपेक्षा जलद.

"वहिनी, कोन मेले कोन रायले ते राहू द्या," ती म्हणाली. "तंबाखूचं काही लिवलं असंल तं वाचा."

तंबाखूचं काही नव्हतं. मी पहिल्या पानावरचं वाचलं. अमेरिकेचे अध्यक्ष आणि विलायतेचे मुख्य प्रधान समुद्रात एका जहाजावर भेटले होते. दोघांनी मिळून साऱ्या जगाला आपलं धोरण सांगितलं होतं. कोणत्या लोकांनी कसल्या राज्याखाली राहायचं, हे त्या त्या लोकांनी ठरवावं. आणि ज्यांचं राज्य जबरदस्तीनं काढून घेतलं गेलं आहे, त्यांना ते परत मिळावं.

काकीची कात्री थांबली. दाराच्या आत असूनही मला कळलं, कारण तिच्या कात्रीचा खिळा ढिला होता आणि तिचा आवाज इतरांपेक्षा वेगळा होता.

"बहू, पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"परत मिळावं, असं लिवलं?"

"हो."

"राज्य म्हंजे जमीनच ना? का राज्य हवेत राहते?"

"जमिनीचं वेगळं काही लिहिलेलं नाही, काकी."

"कायले लिवतील? जमीन धरूनच असंल ते."

बिरजा म्हणाली, "काकी, अमेरिकेच्या राजाले तुमची बांधी ठाऊक हाये काय?"

"त्याले कायले ठाऊक असंल? त्याले अमीन नाही काय? तो अमीनाले सांगल, अमीन मोजल."

सगळ्या हसल्या. मामाजीसुद्धा खाटेवर कूस बदलून हसले. काकीही हसली, पण तिच्या हसण्यात कबुली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती बांधीवर गेली आणि लाल फडक्याच्या खुंटीभोवतीचं गवत निंदून आली. खुंटी उपटली नाही. आता ती जाणारच, तर उपटायची घाई कशाला, असा तिचा हिशेब होता.

पुढे मी कधी कधी विचार केला आहे की ते वर्तमानपत्र त्या आठवड्यात कुठे कुठे वाचलं गेलं असेल. ब्रह्मदेशात, जाव्यात, आफ्रिकेत कुठे. तिथेही माझ्यासारखं कोणी दाराच्या आत बसून मोठ्याने वाचत असेल, आणि बाहेर बसलेल्या एखादीने हातातलं काम थांबवून पुन्हा वाच म्हटलं असेल. जहाजावर बोलणाऱ्या दोघांना ते माहीत असण्याचं कारण नाही. त्यांनी आपल्या लढाईचा विचार करून शब्द निवडले असतील. पण शब्द इतके रुंद निवडले होते की त्यात कोणीही जाऊन बसावं. काकी तेवढी वेडी नव्हती. हे आपल्यालाही लागू आहे का, हाच प्रश्न त्याच वर्तमानपत्रात शिकल्यासवरल्या लोकांनी केला होता. तेही उत्तराची वाट बघत होते, आणि काकीही.

त्या वाट बघण्याच्या दिवसांतली काकी मला फार स्पष्ट आठवते. भादव्याचं ऊन अंगाला टोचतं, पाणी निवळतं, बांध्यांमधून लहान मासे पळताना दिसतात. काकी सकाळीच बांधावर जाऊन उभी राही. तिचा धान गर्भाला आला होता, म्हणजे लोंबी अजून पोटरीत होती, बाहेर निसवली नव्हती. ती एखादी पोटरी हळूच बोटांनी चाचपून बघायची. शेजारच्या बांध्यांमधला हलका धान तोवर लोंबीवर आला होता. येणारे-जाणारे विचारत, "काकी, कधी कापनार?" ती म्हणे, "मोठ्या राजाचं पत्र आलं हाये. घाई नाही."

मग दुसरी बातमी आली. ती मोठ्याने वाचायच्या आधी मी मनात वाचली होती, म्हणून मला ठाऊक होतं तिच्यात काय आहे. बाहेर कात्र्या चालू होत्या. मी नेहमीच्या आवाजात वाचलं. विलायतेच्या मुख्य प्रधानांनी आपल्या सभेत खुलासा केला होता. जहाजावरची ती वचनं जर्मनीने घेतलेल्या देशांसाठी होती. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश यांची गोष्ट वेगळी आहे.

"वेगळी म्हंजे?" काकीने विचारलं.

"म्हणजे आपल्याला ते लागू नाही."

"आन अमेरिकेचा राजा? तो काय बोलला?"

मी पानं उलटून पाहिली. त्याच्याबद्दल काही नव्हतं. "तो काही बोलला नाही, काकी."

"दोघायनं संगं बोललं होतं ना?"

"हो."

"मंग एकटाच कसा फिरवते?"

 बोडीच्या पाण्याला एक तोंड असतं, त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात, ते उघडलं की पाणी पाटाने बांध्यांत जातं. पाणी सोडलं असं गावभर ऐकू येतं, सगळे धावतात, आणि शेवटच्या बांधीवाल्याला तिथे पोचल्यावर कळतं की त्याच्या पाटाच्या तोंडाला कोणी आधीच चिखल लावून ठेवला आहे. पाणी सोडलेलं खोटं नसतं. ते त्याच्यासाठी नसतं, एवढंच. त्या दुपारी मला ते आठवलं होतं. मी बोलले मात्र नाही.

बोलली ती बिरजा. तिला शांतता सहन होत नसे.

"काकी, एक गोष्ट विचारू काय?"

"विचार."

"तुमचे मानसं माळव्याऊन आले म्हनता. तवा तुमच्या बांधीत कोन होता?"

"बांधी कोठची? जंगल होतं."

"आन जंगलात कोन होता?"

काकीने हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हनून तं पयली पेंढी तुमच्याच घरी देतो. माह्या सासऱ्याच्या बापापासून देऊन राहिलो."

"पेंढी देता, काकी. बांधी नाही देत."

बिरजा हे हसत हसतच म्हणाली होती. हातातली बिडी तिने तोंड मोडून बाजूला ठेवली आणि दुसरं पान घेतलं. पण काकी उठली. सूप तिथेच ठेवून घरी गेली आणि नंतर कित्येक दिवस छपरीत आली नाही. तिची कात्री नाही म्हणून दुपारचा आवाज कसातरीच वाटायचा.

पहिल्या पेंढीचं इथे कोणी कोणाला समजावून सांगत नाही. कापणी सुरू झाली की पहिली पेंढी बांधून भूमकाच्या दारात नेऊन ठेवायची. तो तिच्यातल्या लोंब्या देवाला दाखवतो, मग बाकीचे नवा भात खातात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना विचारलं होतं, हे कायले? त्या म्हणाल्या, द्यायचं असते. मी ते दक्षिणा समजून चालले होते. बिरजाने छपरीत तो प्रश्न केला, त्या दिवसापासून मला त्या पेंढीकडे दुसऱ्या नजरेने बघावं लागतं.

दसरा झाला. सोनं वाटून झालं, आपट्याची पानं अजून देव्हाऱ्यात होती, तोवर मजुरांच्या गाड्या आल्या. जबलपूरकडची माणसं, हिंदी बोलणारी. त्यांचा मुकादम काकीच्या बांधावर येऊन उभा राहिला. आम्ही घरातल्या बायका मागे. काकीचा धान कमरेइतका उंच, गर्द हिरवा, सगळ्या लोंब्या बाहेर. आजूबाजूला कापलेल्या बांध्यांचे पिवळे खुंट आणि मधोमध तेवढाच एक हिरवा चौकोन.

"माताजी, सबको बोला था, हलका धान लगाओ," मुकादम म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"दिवाळीवर थांबा, बाबू. दिवाळीवर एवढंच."

"मेरे हाथ में होता तो रुक जाता. साहब नहीं मानेगा."

"साहेबाले आन इकडं. मी सांगतो त्याले."

"साहब को नागपूर से हुकुम है."

"नागपूरले कोनाचा?"

"दिल्ली का."

"आन दिल्लीले?"

मुकादमाने टोपी काढून डोकं खाजवलं. "विलायत का होगा, माताजी. मैं क्या जानूँ."

काकी मागे वळली. मला वाटलं, आता ती मला काहीतरी विचारेल, त्या जहाजाबद्दल. तिने विचारलं नाही. बांधावर बसून तिने एक लोंबी ओढून घेतली आणि दाणा चिमटीत दाबला. बोटावर पांढरा थेंब आला. तो तिने लुगड्याला पुसला.

त्यांनी बोडीची पाळ आधी फोडली. पाणी बांध्यांवरून, रस्त्यावरून, कुठेही गेलं. मग विळा घेऊन बांधीत सगळ्यांत आधी कोण उतरलं तर बिरजा. कोणी बोलावलं नव्हतं. तिने लुगडं खोचलं आणि कापायला लागली, मग आम्हीही उतरलो. हिरवा धान कापताना वेगळा आवाज येतो, ओलसर, जड. पिकलेला धान विळ्याखाली खसखस वाजतो, तसा नाही. सगळा धान गुरांसाठी गाड्यांत भरला. गुरांनी तो आनंदाने खाल्ला.

बिरजा जाताना म्हणाली, "काकी, पेंढी?"

"कच्चा धान देवाले चालत नाही," काकी म्हणाली. "दाना भरला असता तं देल्ली असती."

त्या वर्षी काकीची पेंढी गेली नाही.

पुढची वर्षं मला एकमेकांत मिसळल्यासारखी आठवतात. जपान लढाईत उतरला. ब्रह्मदेश पडला. रंगूनला कामाला गेलेली माणसं चालत चालत परत आली, त्यांच्यातला एक आमच्या स्टेशनवर दिवसभर बसून होता आणि कोणी काही विचारलं की फक्त पाणी मागायचा. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, तेव्हा लांबलांबचे व्यापारी आमच्या धानासाठी दारात येऊ लागले. जो देश काकीला माहीत नव्हता त्याने आमच्या कोठ्या रिकाम्या केल्या. पट्टीवर विमानं येत. ती खाली येताना छपरीतली सुकत घातलेली पानं उडायची आणि बायका शिव्या देत ती गोळा करायच्या. काकी वर बघत नसे. ती छपरीत परत यायला लागली होती, बिरजाच्या शेजारीच बसत होती. दोघींमध्ये त्या दुपारचं बोलणं पुन्हा निघालं नाही. निदान माझ्यासमोर नाही.

एक गोष्ट मात्र मला दिसत होती. घरामागच्या वाडीत, न्हाणीचं पाणी जिथे साचतं तिथल्या चिखलात, काकी दरवर्षी मूठभर धान लावायची. चार हातभर जागा. मी एकदा विचारलं, एवढ्याशाचं काय होणार?

"खायाचं नाही. बीज राहिलं पाह्यजे. भारी धानाचं बीज ठेवून ठेवून मरते, दरसाल मातीत घालावं लागते."

त्या वाडीतली पेंढी तिने कधी भूमकाकडे नेली नाही. ती जागा घराची. तिथलं देणं नव्हतं.

लढाई संपली. अमेरिका जिंकली, विलायत जिंकली. मी अजूनही दाराच्या आत बसूनच वाचत होते, मामाजी गेले तरी. सवय झाली होती. एका दुपारी जाव्याची बातमी होती. जपान्यांनी डच लोकांकडून जावा घेतला होता. जपानी हरले तेव्हा जाव्याच्या लोकांनी सांगितलं, आता आम्ही स्वतंत्र. पण डच लोक परत आले होते, आपलं आपल्याला परत द्या म्हणत.

"त्याईचं कसं?" काकीने विचारलं.

"जपान्यांनी त्यांच्याकडून घेतलं होतं म्हणून."

"आन त्याईनं कोनाकडून घेतलं होतं?"

"जाव्याच्या लोकांकडून."

काकीने पानाची कड कापली. "म्हंजे परत देतेत, पन एकच पायरी मागं जातेत," ती म्हणाली. "त्याच्या मागं कोन होता ते नाही पाहत."

बिरजाने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच सुपाकडे पाहिलं.  बिरजा गप्प बसल्याचं मला तेवढं एकच आठवतं.

हे लिहायला घेतलं ते दसऱ्याआधी. आता दिवाळी होऊन गेली. मध्ये हलक्या धानाची कापणी झाली, हात मोकळा नव्हता. या ऑगस्टात इंग्रज गेले. गावातल्या मोठ्या माणसांनी तहसीलला जाऊन विचारलं, पट्टी आता मोडणार का, बांध्या परत मिळणार का. उत्तर आलं की पट्टी सरकारच्या मालकीची होती, ती सरकारच्याच मालकीची राहील. सरकार बदललं आहे, मालकी बदलायचं कारण नाही. माणसं परत आली. त्यांनी मोठ्या आवाजात काही म्हटलं नाही. आपल्याच सरकारवर कसं ओरडायचं, याची अजून सवय नाही.

हे काकीला मी सांगितलं तेव्हा ती वाळलेला धान सुपात पाखडत होती. "ठाऊक होतं," म्हणाली. "इंग्रजाकडून सरकारले भेटली, त्याच्या मागं कोन होता ते नाही पाह्यलं. जाव्यावानी." आणि पाखडत राहिली. तिच्या केसांत कोंडा उडून बसत होता.

काल सकाळी ती मला म्हणाली, "बहू, माह्यासंगं चाल. मले आता खाली उतरता येत नाही."

आम्ही पट्टीपर्यंत गेलो. पट्टीच्या कडेने पावसाचं पाणी जायला कंत्राटदाराने नाली खणली होती. जिथे बांधी होती, तिथे ती नाली रुंद होते आणि पाणी थांबतं. त्या चिखलात, गवत आणि लव्हाळ्यात, भारी धान उभा होता. फार नाही, एका मिठीत मावेल एवढा. पिवळा, झुकलेला.

"हे कधी लावलं?"

"मिरगात. वाडीतलं बीज वरूनच टाकलं. यंदा सोल्जर नाहीत. चौकीदाराले गवतच वाटलं."

मी नालीत उतरले आणि कापला. पिकलेल्या धानाचा आवाज, खसखस. काकी वर उभी राहून सांगत होती, मुळापासून काप, लोंबी सांडू देऊ नको. चौकीदार लांबून आला, खरंच गवत समजला आणि परत गेला. काकीने पेंढी स्वतः बांधली, धानाच्याच काड्यांनी, गाठ मारून. घरी येताना ती आमच्या दारापुढे थांबली नाही. सरळ बिरजाच्या घराकडे गेली.

बिरजा अंगण सारवत होती. शेणाचे हात तसेच घेऊन उठली. म्हातारा भूमक आत खोकत होता.

"हे कोठचं, काकी?"

"तिथलंच."

"तिथलं?" बिरजाने माझ्याकडे पाहिलं, मग पेंढीकडे. "ती जागा तं सरकारची झाली."

"झाली."

"मंग तुम्ही कायले देऊन राहिल्या? सरकारनं द्यावं."

काकीने पेंढी दाराच्या चौकटीला टेकवून ठेवली. कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"सरकारले कोठं ठाऊक हाये, तुह्या मानसाईचं? मले ठाऊक हाये. म्हनून मी देऊन राहिली."

बिरजाने हात लुगड्याला पुसले. खाली वाकून एक लोंबी ओढली, एक दाणा काढला, तूस नखाने सोललं आणि दाताखाली धरला. ती चावत असताना काकी तिच्या तोंडाकडे बघत होती. बिरजाच्या तोंडाकडे एवढ्या लक्षाने बघताना मी काकीला कधी पाहिलं नव्हतं.

"भरला हाये," बिरजा म्हणाली. आणि पेंढी उचलून आत नेली.